फरशीलगतचा कॅमेरा: चर्चचा अंतर्भाग खालच्या कोनातून टिपताना

चर्चमध्ये पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. बांधणाऱ्यांना तेच हवं होतं. फोटोत मात्र ती उंची हटकून हरवते. मागे कललेले खांब, काळोखं छत आणि पांढऱ्याफटक खिडक्या एवढंच हाती लागतं. मग कुणीतरी सांगतं, ‘अरे, खाली बसून काढ की.’ सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच.

खालच्या कोनात दोन सुट्या गोष्टी असतात. कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर आहे ही एक, आणि तो वर किती कललाय ही दुसरी. फरशीवर टेकवलेला कॅमेराही नाकासमोर बघू शकतो आणि उभ्याने धरलेला कॅमेराही छताकडे वळवता येतो. उंची बदलली की जवळच्या वस्तूंचा आकार बदलतो, म्हणजे बाकं अवाढव्य होतात आणि फरशी आक्रसते. कल बदलला की उभ्या रेषा हलतात. नवीन माणूस दोन्ही एकदम करतो, आणि मग फोटो फसला तर नेमका कशाने फसला ते कळत नाही. म्हणून इथे आधी उंची, मग कल, असा क्रम ठेवलाय. त्याआधी परवानगी आणि उजेड यांचं बघून घेऊ.

१. आधी विचारा

मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी), लग्न किंवा अंत्यविधी चालू असताना जमिनीवर बसून फोटो काढायचे नाहीत, हे सांगायला नकोच. एरवीही दाराजवळचा फलक वाचा. बऱ्याच ठिकाणी फोटोला हरकत नसते, पण फ्लॅश आणि ट्रायपॉड चालत नाही. काही ठिकाणी फोटोच चालत नाहीत. व्हॅटिकनमधलं सिस्टिन चॅपल हे त्याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण.

फलक नसेल तर फादरना किंवा देखभाल करणाऱ्या माणसाला गाठा आणि गोलमोल बोलू नका. ‘फोटो काढू का?’ यापेक्षा ‘मधल्या वाटेत पाच मिनिटं कॅमेरा जमिनीवर ठेवणार आहे, फ्लॅश नाही, वेदीच्या पायऱ्या चढणार नाही’ असं सांगितलं की समोरच्यालाही निर्णय घेणं सोपं जातं. तेवढ्यात दिव्यांचंही विचारून घ्या. वेदीवरचे दिवे लावून किंवा एखादा डोळ्यांवर येणारा दिवा बंद करून मिळाला तर पुढचं निम्मं काम हलकं होतं.

कुणी प्रार्थनेला बसलं असेल तर त्यांच्या रांगेच्या पुढे जाऊन बसकण मारू नका. पापनिवेदनाच्या कक्षाकडे कॅमेरा रोखू नका. जुन्या चर्चमध्ये फरशीतच थडगी आणि पितळी पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांच्यावर ट्रायपॉडचे टोकदार पाय टेकवायचे नाहीत.

२. उजेड कुठून येणार ते ठरवून जा

जुन्या परंपरेत वेदी पूर्वेला आणि मुख्य दार पश्चिमेला असतं. म्हणजे सकाळी वेदीमागच्या खिडकीतून उजेड थेट लेन्सवर येतो, आणि दुपार कलल्यावर दाराकडचा उजेड वेदीवर पडतो. उत्तर गोलार्धात दिवसाचा बराच वेळ ऊन दक्षिणेच्या खिडक्यांतून येतं, दक्षिण गोलार्धात उत्तरेच्या. पण हा नियम सगळीकडे पाळलेला नसतो. रोममधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात वेदीचा भाग पश्चिमेला आहे. तेव्हा फोनमधलं होकायंत्र एकदा बघून घेतलेलं बरं.

दिशेने किती फरक पडतो ते बघायचं तर बार्सिलोनातलं साग्रादा फामिलिया हे चर्च आठवा. तिथे पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आहेत आणि पश्चिमेकडच्या तांबड्या-नारिंगी. एकाच जागी, त्याच उंचीवर कॅमेरा ठेवून सकाळी आणि संध्याकाळी काढलेले फोटो दोन वेगळ्या इमारतींचे वाटावेत इतका रंग बदलतो.

खालून फोटो काढणाऱ्याला उन्हाचं आणखी एक महत्त्व आहे. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पडतं आणि फरशी आपल्या फोटोत सगळ्यांत जवळ असते. उन्हाचा तो तुकडा लेन्सपासून चार-पाच फुटांवर असेल तर फोटोचा पुढचा भाग जिवंत होतो. तोच लेन्सला चिकटून असेल तर नुसता पांढरा डाग उमटतो. पहिल्यांदाच जात असाल तर पातळ ढगांचा दिवस निवडा. खिडक्या आणि आतला अंधार यांतला फरक त्या दिवशी सगळ्यांत कमी असतो आणि चुका पोटात घातल्या जातात. कडक उन्हाचे फोटो जास्त देखणे होतात, पण ते हात बसल्यावर.

३. सोबत काय घ्यायचं

फार काही नाही. फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या भागाचा) कॅमेरा असेल तर १६ ते २४ मिलिमीटरच्या आसपासची वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स आणि ५० मिलिमीटरची एखादी साधी लेन्स. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याला किटमध्ये मिळालेली १८-५५ सुरुवातीला पुरते. फोनही चालतो, त्याच्या युक्त्या ओघात येतील. पडदा बाहेर वळणारा कॅमेरा असेल तर सोन्याहून पिवळं, नाहीतर गाल फरशीला लावावा लागतो.

ट्रायपॉडऐवजी कडधान्य भरलेली हाताएवढी कापडी पिशवी घ्या. कॅमेरा तिच्यात रुतवला की हवा तसा बसतो, फरशीला ओरखडा जात नाही आणि सहसा कुणाची हरकतही येत नाही. गुडघ्याखाली घ्यायला एक जाड कापड घ्या. दगडी फरशीवर दहा मिनिटं गुडघे टेकले की त्याची किंमत कळते.

४. उंची ठरवा

तीन उंची लक्षात ठेवा: बाकाच्या पाठीएवढी, बाकाच्या बैठकीएवढी आणि फरशीलगत.

बाकाच्या पाठीची वरची कड साधारण ९० सेंटिमीटरवर असते. कॅमेरा नेमका त्या कडेच्या पातळीत आला की सगळ्या रांगा एकमेकींवर बसून एकच जाड रेघ होते आणि बाकं किती आहेत तेच कळेनासं होतं. हातभर वर घ्या, रांगा एकामागून एक उलगडतात. खाली घ्या, की पहिला बाक भिंतीसारखा आडवा येतो. थोडक्यात, त्या कडेच्या पातळीत कॅमेरा कधीच ठेवू नका.

बैठकीएवढी उंची म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. मधल्या वाटेत या उंचीवर बसलात की बाकांच्या टोकाच्या उभ्या फळ्या दोन्ही बाजूंना ओळीने दिसतात आणि नजर हात धरून वेदीपर्यंत नेतात. फरशी फार पसरत नाही आणि छतालाही जागा उरते. एकच फोटो काढायची मुभा असेल तर मी याच उंचीवरून काढेन. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी.

फरशीलगत, म्हणजे ५ ते १० सेंटिमीटरवर, खेळ पार बदलतो. गुळगुळीत दगडावर प्रकाश जितका तिरका येतो तितका जास्त परावर्तित होतो. त्यामुळे उभ्याने मंद दिसणारी फरशी कॅमेरा खाली गेल्यावर एकदम खिडक्यांचं प्रतिबिंब दाखवू लागते. कॅमेरा सावकाश खाली नेत पडद्यावर बघत राहा. रंगीत काच फरशीत कधी उमटते ते स्पष्ट दिसेल. लेन्सवर पोलरायझर फिल्टर असेल तर तो काढा, कारण त्याचं कामच प्रतिबिंब मारायचं असतं.

या उंचीवर कचराही मोठा होतो. मेणाचा वाळलेला थेंब, बाकाच्या पायाशी अडकलेला कागदाचा कपटा, गुडघे टेकायच्या फळीखालची धूळ, उभ्याने यातलं काही दिसत नाही आणि फोटोत मात्र तेच पुढे येतं. लेन्ससमोरची हातभर जागा हाताने साफ करून घ्या. मेणाचा थेंब मी ठेवतो, कपटा उचलतो.

फोनवाल्यांनी फोन उलटा धरावा. बहुतेक फोनची लेन्स वरच्या टोकाला असते. फोन उलटा केला की ती फरशीपासून बोटभर अंतरावर येते आणि फोटो नंतर आपोआप सुलटा दिसतो. नाहीतर फोनची सगळी उंची वाया जाते.

५. मधली रेषा शोधा

समोरून, सममित फोटो काढायचा असेल तर कॅमेरा खरोखर मध्यावर हवा. उभ्याने काढताना दोन-चार सेंटिमीटरची चूक खपते. खाली बसल्यावर खपत नाही, कारण जवळचा बाक इतका मोठा दिसतो की एक बाजू जाड आणि दुसरी बारीक झालेली लगेच डोळ्यांत भरते. फरशीची मधली सांध सापडली तर कॅमेरा तिच्यावर ठेवा. नसेल तर दोन्हीकडच्या बाकांच्या टोकांपासूनचं अंतर वितीने मोजा, तेवढं पुरतं. मग झुंबराची साखळी आणि वेदीवरचा क्रूस एका रेषेत येतात का ते बघा.

कधीकधी सगळं मोजूनही जमत नाही. अनेक मध्ययुगीन चर्चमध्ये लोकांच्या बसण्याचा भाग आणि वेदीचा भाग एका सरळ रेषेत बांधलेलेच नाहीत. वेदीकडचा भाग किंचित एका बाजूला वळलेला असतो. अशा वेळी दोन्ही मध्य साधायचा हट्ट सोडा. मी वेदी मध्यावर घेतो, कारण बघणाऱ्याची नजर शेवटी तिथेच जाते. बाकांचा फरक मग चालून जातो.

आणि मध्य सोडायचा असेल तर ठामपणे सोडा. बाजूच्या वाटेत जा, एखाद्या खांबाच्या पायथ्याशी बसा. मध्यापासून वीतभर सरकलेला फोटो मुद्दाम काढलाय असं कुणालाच वाटत नाही.

६. सरळ की कललेला?

सगळी गोम इथे आहे.

कॅमेऱ्याची पाठ भिंतीला समांतर असेल तर फोटोत खांब समांतर राहतात. कॅमेरा वर कलला की खांब वर जाताना एकमेकांकडे झुकतात. ही लेन्सची खोड नाही. महागड्या लेन्सनेही हेच होतं. आपल्या डोळ्यांनाही तसंच दिसत असतं, पण मेंदू ते दुरुस्त करून घेतो. सपाट फोटो बघताना तो ही मेहनत घेत नाही.

प्रश्न कल किती, हा आहे. पाच-दहा अंशांचा कल सगळ्यांत वाईट. इमारत मागे रेललीय असं वाटतं आणि फोटोग्राफरच्या लक्षात आलं नाही हेही दिसतं. एक तर शून्य कल ठेवा, नाहीतर बघताक्षणी कळेल इतका, तीस-चाळीस अंश किंवा त्याहून जास्त.

शून्य कलासाठी कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हल चालू करा. बहुतेक जण डावी-उजवी बाजूच तपासतात. पुढे-मागे किती कललंय हे दाखवणारी रेघही बघा, आपल्याला तीच महत्त्वाची आहे. कॅमेऱ्यात किंवा फोनमध्ये तशी सोय नसेल तर ग्रिड चालू करा आणि फ्रेमच्या दोन्ही टोकांचे खांब ग्रिडच्या उभ्या रेषांना समांतर होईपर्यंत हलवत राहा.

आता अडचण अशी, की कॅमेरा फरशीपासून १० सेंटिमीटरवर आणि अगदी सरळ असेल तर क्षितिज बरोबर फ्रेमच्या मध्यावर येतं. म्हणजे जमिनीपासून १० सेंटिमीटरच्या वरचं सगळं जग वरच्या अर्ध्यात आणि खालचा अर्धा भाग नुसती फरशी. छत कापलं जातं आणि माणूस वैतागून कॅमेरा वर कलवतो. तसं करू नका. तीन मार्ग आहेत.

पहिला, फुकटचा. कॅमेरा उभा धरा, जमेल तितकी वाइड लेन्स लावा, मागे जाता येईल तितकं जा, सरळ फोटो घ्या आणि नंतर खालची फरशी कापून टाका. २४ मेगापिक्सेलच्या फोटोतून खालचा एक तृतीयांश काढला तरी १६ उरतात. छापायलाही ते भरपूर आहेत.

दुसरा, खर्चाचा. शिफ्ट लेन्स. कॅननची १७ मिलिमीटर आणि निकॉनची १९ मिलिमीटर लेन्स याच कामाच्या. कॅमेरा सरळ ठेवून लेन्सच वर सरकवता येते, त्यामुळे फरशी कमी आणि छत जास्त येतं, खांब ताठच. इमारतींचे फोटो हा धंदा असेल तरच घ्या. हौसेसाठी पहिला मार्ग जवळजवळ तेच देतो.

तिसरा, फरशीलाच कामाला लावायचं. प्रतिबिंब असेल, उन्हाचा रंगीत कवडसा असेल, नक्षीदार टाइल्स असतील तर खालचा अर्धा भाग वाया जात नाही. फरशी मंद आणि रिकामी असेल तर मात्र हा मार्ग सोडा.

भरपूर कलाचे फोटो वेगळ्या मनाने काढायचे. खांबाच्या पायथ्याशी जा, लेन्स खांबापासून हातभर अंतरावर आणि नजर वर. दगडाची झीज, छिन्नीच्या खुणा पुढे मोठ्या दिसतात आणि खांब वर बारीक होत कमानीत मिसळतो. इथे रेषा एकमेकींकडे झुकणारच, त्यांना झुकू द्या. फक्त फ्रेमच्या मधोमध एक तरी उभी रेषा ताठ ठेवा. सगळ्याच रेषा तिरक्या झाल्या तर बघणाऱ्याला तोल सापडत नाही.

पायऱ्या दिसल्या तर सोडू नका. फ्रेडरिक एच. इव्हान्स या इंग्रज छायाचित्रकाराने १९०३ मध्ये वेल्स कॅथेड्रलमधल्या जिन्याचा फोटो काढला. शतकानुशतकं पावलांनी झिजलेल्या पायऱ्या त्यात लाटांसारख्या उसळत वर जातात आणि वरच्या कमानीपाशी पोचतात. त्याने त्याला ‘पायऱ्यांचा समुद्र’ अशा अर्थाचं नाव दिलं. जिन्याच्या तळाशी उभं राहून वर बघितलं की पायऱ्याच पुढचा भाग भरून काढतात, रिकाम्या फरशीची चिंता उरत नाही.

७. थेट वर

कॅमेरा पाठीवर झोपवायचा, लेन्स आकाशाकडे. दिसायला हा सगळ्यांत सोपा फोटो. लेन्स मात्र बहुतेक जण चुकीची निवडतात, कारण छत म्हटलं की हात वाइडकडे जातो.

एक साधा हिशेब करा. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. छताची उंची गुणिले २४ भागिले लेन्सचे मिलिमीटर, म्हणजे छताच्या पातळीवर फ्रेमच्या आखूड बाजूत किती मीटर मावतील ते. २४ मिलिमीटरची लेन्स असेल तर उत्तर छताच्या उंचीएवढंच येतं, तोंडी हिशेब.

फ्रान्समधल्या आमियाँ कॅथेड्रलचं छत सुमारे ४२ मीटर उंच आहे आणि मधला भाग १४-१५ मीटर रुंद. २४ मिलिमीटरच्या लेन्सने आखूड बाजूत ४२ मीटर मावतात, म्हणजे छत फ्रेमचा एक तृतीयांशच व्यापतं. उरलेलं सगळं दोन्ही बाजूंनी वर धावणाऱ्या भिंती. उंची दाखवायची असेल तर उत्तम. पण छताची नक्षी दाखवायची असेल तर? केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलचं पंख्यासारखं पसरलेलं दगडी छत १५१२ ते १५१५ या काळात बांधलं गेलं. ते साधारण २४ मीटर उंच आणि १२ मीटर रुंद आहे. तिथे ५० मिलिमीटरची लेन्स आखूड बाजूत साडेअकरा मीटर पकडते, म्हणजे जवळपास नुसतं छत. छत जितकं उंच तितकी साधी लेन्स चालते. मनात भिंती असतील तर वाइड, नक्षी असेल तर पन्नास.

जागा निवडताना झुंबराच्या बरोबर खाली जाऊ नका. झुंबर मधोमध येऊन छताचा सगळ्यांत सुंदर भाग झाकतं. इंग्लंडमधल्या ईली कॅथेड्रलसारखं काही असेल तर मात्र मध्यच हवा. तिथला मधला मनोरा १३२२ मध्ये कोसळला आणि त्या जागी अष्टकोनी रचना उभी राहिली. त्या अष्टकोनाच्या नेमकं खाली कॅमेरा नसेल तर आठ बाजू असमान दिसतात.

कॅमेरा ठेवलात की फ्रेमची लांब बाजू चर्चच्या लांबीला समांतर करा. कॅमेऱ्याची पाठ सपाट नसते, त्यामुळे तो एका बाजूला कलतो. खाली घडी घातलेला कागद सरकवून तो सरळ करा. टायमर १० सेकंदांवर ठेवा आणि बाजूला व्हा. नुसतं मागे सरकून भागत नाही, वाइड लेन्समध्ये वाकलेलं डोकं हमखास येतं. जवळच्या खांबाआड जा. आणि कॅमेरा वाटेत एकटा सोडून लांब जाऊ नका; वर बघत चालणाऱ्या माणसाला पायाखालचं दिसत नाही.

फोनची गंमत अशी, की सेल्फी कॅमेरा चालू करून फोन पाठीवर ठेवला तर छत पडद्यावर दिसतं. त्यात आधी जागा पक्की करा. मग खाली कापड अंथरून फोन पालथा घाला आणि मागच्या, चांगल्या कॅमेऱ्याने टायमर लावून फोटो घ्या.

८. एक्स्पोजर

फ्लॅश विसरा. परवानगी असली तरी त्याचा उजेड पहिल्या दोन-तीन बाकांपलीकडे पोचत नाही. ते भकभकतात आणि मागचं सगळं आणखी काळं दिसतं.

कॅमेरा फरशीवर किंवा पिशवीवर टेकलेला असेल तर तुमच्याकडे जगातला सगळ्यांत स्थिर ट्रायपॉड आहे. मंद उजेडाच्या चर्चमध्ये आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/८ (लेन्सचं छिद्र), ४ सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ) इथून सुरुवात करा आणि पडदा बघून कमी-जास्त करा. बटण दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर. हाच उजेड हातात धरून टिपायचा झाला तर एफ/४, सेकंदाचा तिसावा भाग आणि आयएसओ ३२०० लागेल. फोटो येईल, पण छताच्या अंधारात कण दिसतील. यावरून कॅमेरा टेकवण्याचा फायदा लक्षात यावा.

खिडक्यांसाठी ब्रॅकेटिंग वापरा: एक नेहमीचा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), असे तीन फोटो आणि नंतर ते जोडायचे. एकच फोटो काढायचा असेल तर रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) काढा आणि खिडकीचे रंग टिकतील इतका काळसर ठेवा. अंधारातला तपशील नंतर बराच उजळता येतो. पांढऱ्या झालेल्या काचेतून रंग परत आणता येत नाही. फोनवर खिडकीवर बोट ठेवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा.

जोडताना हात आखडता ठेवा. कोपरान् कोपरा उजळलेलं चर्च दुकानाच्या शोरूमसारखं दिसतं. छताचा काही भाग काळोखात राहिला तर राहू द्या.

शांततेसाठी इलेक्ट्रॉनिक शटर चांगलं, पण काही एलईडी दिव्यांखाली आडवे पट्टे येतात. शटर संथ केलं की ते सहसा जातात.

९. फोकस

फरशीही हवी आणि वेदीही. वाइड लेन्सने हे अवघड नाही. १६ मिलिमीटर, एफ/८ असेल तर साधारण एक मीटरवर फोकस करा. अर्ध्या मीटरपासून शेवटपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. २४ मिलिमीटरला तोच फोकस अडीच मीटरवर, आणि स्पष्टता सव्वा मीटरपासून. अंधारात ऑटोफोकस भरकटतो, तेव्हा त्या अंतरावरच्या बाकाच्या कडेवर फोकस करून तो मॅन्युअलवर टाका. मग हात लावू नका.

१०. रंग

आत पिवळट दिवे, साधारण २७०० ते ३२०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाची रंगछटा मोजायचं एकक, आकडा कमी तितका उजेड पिवळट). खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. दोन्ही एकदम बरोबर दिसणार नाहीत. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सोय) ऑटोवर ठेवला तर फोटोगणिक बदलतो आणि ब्रॅकेटिंगचे तीन फोटो जोडताना त्रास देतो. ४२०० च्या आसपास एक आकडा ठरवून टाका. दिवे थोडे उबदार आणि खिडक्या थोड्या निळसर राहतील, आणि डोळ्यांना ते खरंच वाटतं. रंगीत काचेचा खांबावर पडलेला जांभळा कवडसा ‘दुरुस्त’ करायला जाऊ नका.

११. माणसं

चार सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये चालणारा माणूस पुसट होतो, आणि शटर त्याहून लांबवलं तर बहुधा नाहीसाच होतो. बसलेला मात्र राहतो. उंची दाखवायला लांबवर एक लहानशी, पाठमोरी आकृती असावी, पण चेहरा ओळखू येईल असा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नये. कॅमेरा खाली असताना जवळून जाणारी पावलं प्रचंड दिसतात, तेव्हा ती जाईपर्यंत थांबा.

१२. संगणकावर

क्रम असा ठेवा: आधी लेन्समुळे आलेला वाकडेपणा काढणं, मग उभ्या रेषा, मग कापणं, आणि उजेड-रंग शेवटी. रेषा आधी आणि लेन्स नंतर केलीत तर सरळ केलेले खांब पुन्हा वाकतात.

उभ्या रेषा सरळ करणारी पट्टी जपून वापरा. एक-दोन अंशांचा राहिलेला कल ती सहज काढते. तीस अंशांनी वर कललेला फोटो पूर्ण सरळ करायला गेलात तर वरचा भाग ताणला जाऊन छत बेढब रुंद होतं आणि कडा पसरट होतात. मध्यम कल असेल तर पूर्ण सरळ न करता किंचित झुकाव राहू द्या. डोळ्यांना तो पूर्ण ताठ रेषांपेक्षा नैसर्गिक वाटतो. शिवाय रेषा सरळ करताना फोटोच्या कडा कापल्या जातात, म्हणून काढतानाच चारही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवलेली असावी.

आग विझवायचा लाल नळकांडा, माइकची वायर, फळ्यावरचे गीतांचे क्रमांक हे पुसावं का? वायर विचारून आधीच बाजूला करता येते, तेच बरं. गीतांचे क्रमांक मी ठेवतो. लाल नळकांडा नजर खेचत असेल तर त्याचा रंग थोडा फिका करतो, पुसत नाही.

फोटो विकायचे किंवा जाहिरातीत वापरायचे असतील तर हौसेच्या फोटोंसाठी मिळालेली परवानगी पुरत नाही. चर्चकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि ती लेखी घ्या.